मोठ्या ट्राउटसाठी दोघांनी जाताना

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटातील डोंगरी नद्यांवर दहा पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचार किलोंचा, ब्राउन ट्राउट आपल्या गळाला लागावा अशी ज्यांची मनीषा असेल, त्यांनी रजेची आणि तिकिटांची तजवीज करण्यापूर्वी बरोबर येणारा मित्र कोण असावा, याचा विचार करावा. त्या नद्यांचे पाणी इतके नितळ, त्यांतले मोठे मासे इतके विरळ आणि स्वभावतः इतके शंकेखोर असतात की, गळ टाकण्याचे काम दिवसाच्या फारच थोड्या भागात करावे लागते, आणि उरलेला सारा वेळ मासा शोधण्यात जातो. हा शोध एकट्याने घेता येत नाही असे नव्हे. परंतु जेथून मासा उत्तम दिसतो तेथून तो धरता येत नाही, आणि जेथून धरता येतो तेथून बहुधा दिसत नाही, या एका अडचणीमुळे दुसरा मनुष्य हा केवळ सोबती न राहता या उद्योगाचा अर्धा भाग बनतो. पुढील सूचना अशा दोघांसाठी आहेत.

मित्र निवडताना त्याचे गळ फेकण्यातील कसब मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. दगडगोट्यांतून दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर चालण्याची ज्याची तयारी आहे, बोलण्यावाचून ज्याचे अडत नाही, आणि दुसऱ्याच्या माशासाठी अर्धा तास पालथे पडून पाण्याकडे पाहत राहणे ज्याला जाचक वाटत नाही, असा मनुष्य नवशिका असला तरी चालेल. उलटपक्षी हात कितीही सफाईचा असला तरी प्रत्येक डोहापाशी पुढे धावणारा गडी या नद्यांवर उपयोगाचा नाही, कारण तो ज्या माशाला पाहण्याआधीच पळवून लावतो तो कदाचित त्या दिवसाचा एकमेव मासा असतो. खर्चाविषयी आणि मुक्कामाच्या साधेपणाविषयीही दोघांचे आधीच एकमत असावे.

ज्या माशासाठी एवढा प्रवास करायचा त्याचा थोडा पूर्ववृत्तान्त ठाऊक असलेला बरा. ब्राउन ट्राउट त्या भूमीचा मूळ रहिवासी नव्हे. १८६४ साली ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजावर, बर्फाच्या कोठीत ओल्या शेवाळात जपून ठेवलेली त्याची अंडी इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाकडे निघाली. त्यांतली जी जगली ती टास्मानियात प्लेंटी नदीकाठच्या कुंडांत उबवली गेली, आणि तेथून १८६७ साली हा मासा न्यूझीलंडला पोचला. त्याच हौसेपायी पुढे १९०० सालाच्या सुमारास काश्मीरच्या आणि १९०९ साली कुलूच्या पाण्यात त्याची वस्ती झाली, हे आपल्याकडील हिमालयाच्या प्रवाशांना माहीत असतेच. दक्षिण बेटात मात्र त्याला थंड व निर्मळ पाणी, विपुल कीटकसृष्टी आणि विरळ मनुष्यवस्ती यांचा जो लाभ झाला त्यामुळे तो फार मोठा होऊ लागला. नदीच्या खालच्या सपाट भागात मासे पुष्कळ पण मध्यम आकाराचे असतात, आणि उगमाकडे जावे तसतसे ते संख्येने कमी व आकाराने थोर होत जातात. वरच्या अंगाला पुरांच्या तडाख्यात पिल्ले फारशी तगत नाहीत आणि जी तगतात त्यांच्या वाट्याला अन्न मुबलक येते. या पाहुण्याच्या भरभराटीची किंमत तेथील मूळच्या लहान माशांनी मोजली, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे, आणि ट्राउटवर प्रेम करणाऱ्याने ती नजरेआड करू नये.

थोर आकाराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. जगातील विक्रमी ब्राउन ट्राउट २०२० साली याच बेटावर, ट्वायझल गावानजीकच्या ओहाऊ कालव्यात मिळाला आणि त्याचे वजन २० किलोंहून अधिक भरले. तो आकडा वाचून पुष्कळजण हुरळतात. परंतु ते जलविद्युत योजनेचे कालवे होत. त्यांत सामन माशांची शेती चालते, आणि जाळीबाहेर वाहून येणाऱ्या खाद्यावर तेथील ट्राउट पोसले जातात. ज्यांना केवळ वजन हवे आहे त्यांनी खुशाल तेथे जावे. माझे मत विचाराल तर डोंगरात, वाहत्या पाण्यात, स्वतःच्या बळावर वाढलेला साडेचार किलोंचा मासा त्या वीस किलोंच्या माशाहून अधिक मोलाचा आहे, आणि या लेखात मोठा मासा म्हणजे तोच अभिप्रेत आहे.

काळाची निवड आता पाहू. बहुतेक नद्यांवर हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० एप्रिलला संपतो. उगमाकडील काही नद्या याहून उशिरा खुल्या होतात, यास्तव ज्या नदीवर जायचे तिचा नियम निराळा वाचावा. तेथला उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी ते होळी हा कालखंड, हे आपल्या सोयीचेच आहे. त्यातही जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ मी सुचवीन. तोवर वितळत्या बर्फाचे पाणी ओसरलेले असते, सूर्य माथ्यावर असल्याने तळ स्वच्छ दिसतो, आणि रानात सिकाडा किड्यांची किरकिर सुरू झालेली असते. हे जाडजूड किडे वाऱ्याने पाण्यात पडू लागले म्हणजे एरवी तळाशी बसून राहणारे वयोवृद्ध मासेही पृष्ठभागाकडे लक्ष देऊ लागतात. याखेरीज काही विशिष्ट वर्षे अशी येतात की, डोंगरातील बीच वृक्षांना बीजाचा विलक्षण बहर येतो, त्या बीजावर उंदरांची बेसुमार पैदास होते, आणि रात्री नदी ओलांडू पाहणारे उंदीर खाऊन ट्राउट अल्पावधीत अतोनात वजन धरतात. ‘उंदरांचे वर्ष’ म्हणून ते हंगाम तेथे प्रसिद्ध आहेत. तसे वर्ष येत असल्याची वार्ता कानी आली आणि रजा मिळण्यासारखी असली तर विलंब करू नये, मात्र नद्यांवर गर्दीही वाढलेली असेल हे गृहीत धरावे.

सरकारी बाबींत हयगय नसावी. मासेमारीचा परवाना ‘फिश अँड गेम’ या संस्थेकडून प्रत्येकाने स्वतंत्र घ्यावा लागतो आणि तो नदीवर जवळ बाळगावा लागतो; एकाच्या परवान्यावर दोघांनी आळीपाळीने गळ टाकण्याची मुभा नाही. ज्या नाजूक नद्यांवर माणसांचा भार अधिक पडतो त्यांच्यासाठी परदेशस्थांना मूळ परवान्याखेरीज आणखी एक परवाना काढावा लागतो व त्यात दिवसांचीही मर्यादा असते, म्हणून मुक्काम ठरवण्यापूर्वीच याची खातरजमा करावी. ट्राउटची खरेदी-विक्री त्या देशात कायद्याने निषिद्ध आहे. विमानतळावर वापरलेले बूट, पाण्यात घालायच्या विजारी, जाळे आणि पिसांच्या बनावट माश्या, म्हणजे ‘फ्लाय’, हे सारे सामान न विचारता जाहीर करावे, कारण त्यांच्या तपासणीचा जाबता कडक आहे आणि लपवाछपवीला दंड जबर आहे. सामान धुऊन, पूर्ण वाळवून नेले असेल तर अडचण येत नाही. या कडकपणाला कारण आहे. २००४ साली साउथलंडमधील वायाऊ नदीत डिडिमो नावाचे सूक्ष्म शैवाल आढळले, पुढे ते अनेक नद्यांत पसरले आणि तळाच्या दगडांवर त्याचे मळकट थर जमू लागले. ओल्या नमद्यात ते टिकून राहते, म्हणून नमद्याच्या तळाचे बूट तेथे बंद आहेत. रबरी तळाचेच न्यावेत, आणि एका नदीवरून दुसरीवर जाताना सर्व सामान तपासून, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवावे. दोघांनी बुटांचे दोन-दोन जोड नेले तर वाळवण्यापायी दिवस फुकट जात नाहीत.

नदीकाठच्या जमिनी पुष्कळदा शेतकऱ्यांच्या खाजगी मालकीच्या असतात. दारावर जाऊन परवानगी मागितली तर ती सहसा मिळते. फाटक उघडे आढळले तर उघडे आणि बंद आढळले तर बंद ठेवावे. नदीवर आधी पोचलेल्याच्या वरच्या अंगाला त्या दिवशीचा हक्क त्याचा, हा तेथला दस्तूर आहे, आणि वाहनतळावर दुसरी मोटार उभी दिसली तर तिच्या मालकाला गाठून तो कोणीकडे जाणार हे विचारल्याविना पाण्याकडे वळू नये.

घरून निघण्यापूर्वी एक अभ्यास अवश्य करावा. महाराष्ट्राच्या उष्ण पाण्यात ट्राउट नांदत नाही, पण फेकीचा सराव कोणत्याही मैदानावर होतो. फ्लायऐवजी टोकाला लोकरीचा लहानसा गोंडा बांधावा, तीस-चाळीस फुटांवर एक थाळी ठेवावी, आणि समोरून वारा येत असताना पहिल्याच फेकीत गोंडा थाळीत उतरवण्याचा यत्न करावा. पहिल्याच फेकीत, हे शब्द महत्त्वाचे. दहा फेकींत नऊ अचूक पडतात ही बढाई तेथे निरुपयोगी आहे, कारण जो मासा आपण तासभर शोधला तो पहिल्या चुकीच्या फेकीनंतर दुसरीसाठी थांबत नाही. ज्यांना त्याआधी जिवंत ट्राउटवर हात बसवायचा असेल त्यांनी हिमाचलातील तीर्थन नदीवर एखादा आठवडा काढावा.

सरंजाम थोडका पुरतो. नऊ फुटांचा, सहा क्रमांकाचा रॉड. मंद रंगाची तरंगती दोरी, कारण भडक पिवळी दोरी त्या पाण्यावर दुरूनही नजरेत येते. तिच्यापुढे बारा ते पंधरा फुटांचा पारदर्शक जोडधागा, म्हणजे लीडर, आणि शेवटी सहा ते आठ पौंडांचा ताण सोसणारा बारीक धागा. फ्लाय म्हणून सिकाडाची मोठी नक्कल, रॉयल वुल्फ, आणि पाण्याखालच्या किड्यांसाठी फेझंट टेल व हेअर अँड कॉपर यांचे लहानमोठे नमुने असले की बहुतेक प्रसंग निभावतात. कपडे मातकट वा हिरवट असावेत. यांपेक्षा अधिक पैसा मी चष्म्यावर खर्च करायला सांगेन. पाण्यावरची चकाकी छाटणारा, तपकिरी छटेचा उत्तम पोलरॉइड चष्मा आणि खालून काळ्या अस्तराची रुंद काठाची टोपी, ही दोन्ही दोघांकडेही असलीच पाहिजेत.

आता प्रत्यक्ष पाहण्याकडे वळू, कारण साऱ्या विद्येचा गाभा तोच आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून आपण नेहमी खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचे. पाण्याखालून पाहणाऱ्या माशाला वरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका शंकूत एकवटलेले दिसते आणि क्षितिजालगतच्या वस्तू त्या वर्तुळाच्या कडेला चेपल्या जातात. म्हणून वाकून, रांगत जाणारा मनुष्य त्याच्या ध्यानी येत नाही आणि तोच मनुष्य काठावर ताठ उभा राहताच आकाशावर कोरल्यासारखा उमटतो. आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशी बाजू धरावी. नवखा मनुष्य माशाचा संपूर्ण आकार शोधू लागतो आणि म्हणून त्याला मासा दिसत नाही. तपकिरी पाठ तपकिरी दगडांत मिसळून गेलेली असते. शोधायची ती चिन्हे होत. तळावर पडलेली सावली, जी मालकाहून ठळक असते. बाकीचे दगड स्थिर असताना मंद लयीने डुलणारे एखादे टोक. आणि तोंड उघडताच क्षणभर चमकणारी आतली पांढरी रेघ. डोहाच्या शिरोभागी वेगवान पाणी जेथे संथ पाण्याला भिडते ती शिवण, मोठ्या खडकापुढची उशी, डोहाच्या शेपटाकडचे उथळ पाणी, आणि मुख्य धारेपासून अलग पडलेली स्वस्थ खोबण, ही स्थळे पावलापावलाने पाहावीत. गुडघाभर पाण्यात, काठाला चिकटून, मोठमोठे मासे उभे असतात. पलीकडच्या खोल डोहाकडे पाहत चालणारे लोक त्यांनाच प्रथम उधळून लावतात.

दोघांपैकी एक पाहणारा आणि एक टाकणारा. पाहणारा उंच काठावर, झाडाझुडपांच्या आडोशाला, न हलता राहतो. टाकणारा खाली, माशाच्या मागे, पाण्याच्या पातळीवर असतो आणि पुष्कळदा त्याला काहीच दिसत नसते. म्हणून दोघांच्या बोलीचा बंदोबस्त आधीच झाला पाहिजे. ‘डावीकडे’ व ‘उजवीकडे’ हे शब्द वर्ज्य करावेत, कारण पाहणारा समोरच्या काठावर असला म्हणजे त्याचे डावे ते टाकणाऱ्याचे उजवे होते. त्यांच्याऐवजी ‘काठाकडे’, ‘धारेकडे’, ‘वर’ आणि ‘खाली’ हे चारच शब्द ठेवावेत. अंतर नेहमी एखाद्या निश्चित खुणेपासून सांगावे: पांढऱ्या दगडापासून हातभर धारेकडे, दोन हात वर. हाताचे माप दोघांचे सारखे आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी वाळूवर आखून पाहावे. शिवाय पाण्यातून पाहताना प्रकाशाचे वक्रीभवन होऊन मासा असतो त्याहून वर, उथळ पाण्यात असल्यासारखा भासतो. पाहणाऱ्याने खोली सांगताना ही तफावत हिशेबात धरावी, नाहीतर बुडणारी फ्लाय त्याच्या डोक्यावरून निघून जाते.

मासा दिसल्यावर लगेच टाकू नये. पाच मिनिटे दोघांनीही त्याचे अवलोकन करावे. तो एका जागी स्थिर राहून खातो की फेऱ्या घालतो, तोंड वर नेतो की आजूबाजूला, आणि दर किती वेळाने, हे कळले म्हणजे कोणती फ्लाय व कोठे टाकावी हे आपोआप ठरते. जो मासा तळाशी निश्चल बसला आहे, खात नाही, त्याच्यावर वेळ दवडण्यापेक्षा परतताना त्याची पुन्हा विचारपूस करावी. दोरी त्याच्या अंगावरून जाऊ न देता फ्लाय त्याच्या पुढे तीन-चार फुटांवर पडावी. त्याने तीनदा नाकारली तर चौथ्यांदा तीच न टाकता दहा मिनिटे विसावा द्यावा आणि लहान फ्लाय बांधावी.

यानंतरचा क्षण सर्वांत कठीण. मोठा ट्राउट घाईने झडप घालीत नाही. तो फ्लायखाली सावकाश वर येतो, तोंड उघडतो, ती घेतो आणि मग डोके खाली वळवतो. तोंड उघडलेले दिसताच ज्याचा हात वर जातो त्याच्या हाती रिकामी दोरी येते. न्यूझीलंडचे जुने लोक या वेळी इंग्लंडच्या राणीचे मंगल चिंतणारे चरण मनात म्हणून मगच रॉड उचलावा असे सांगत. आपल्या जोडीत ही जबाबदारी पाहणाऱ्याकडे द्यावी, कारण डोके खाली वळलेले त्यालाच दिसते. तो ‘आता’ म्हणेल तेव्हा आणि तेव्हाच उचलायचे, हा करार पाळला तर निम्मे मासे वाचतात, विशेषतः पाण्याखालून जाणाऱ्या फ्लायवर.

मासा लागला की पाहणारा जाळे घेऊन खाली येतो आणि माशाच्या खालच्या अंगाला स्थिर उभा राहतो. माशाच्या मागे जाळे घेऊन धावू नये, मासाच थकून डोक्याकडून जाळ्यात यावा. हात आधी ओले करावेत, वजन जाळ्यासकट घ्यावे, छायाचित्रासाठी मासा पाण्याबाहेर दोन-तीन क्षणांहून अधिक ठेवू नये, आणि नंतर प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतःच्या बळाने निघून जाईपर्यंत आधार द्यावा. उगमाकडच्या कित्येक नद्यांत किलोमीटरमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मासे असतात, आणि त्यांतला एक मारला तर ती जागा पुन्हा भरायला वर्षे जातात. खायचाच असेल तर खालच्या नदीतला, नियमात बसणारा मध्यम मासा घ्यावा. पाण्याचे तापमान १९-२० अंशांवर गेले असेल तर त्या दुपारी गळ गुंडाळून ठेवावा, कारण अशा पाण्यात झुंजून दमलेला मासा सोडला तरी जगेलच असे नाही.

स्थळांविषयी थोडक्यात. आरंभ माताउरा नदीवर, गोर गावाच्या आसपास करावा. ते गाव स्वतःला ब्राउन ट्राउटची जागतिक राजधानी म्हणवते, रस्त्यालगत त्याने या माशाचा भव्य पुतळा उभारला आहे, आणि तेथे मासे भरपूर असल्याने डोळा तयार होतो. त्यानंतर ओरेती नदीचा वरचा भाग किंवा उत्तरेकडील मर्चिसनच्या परिसरातील खोरी घ्यावीत. पहिले दोन दिवस स्थानिक वाटाड्या भाड्याने घेणे महाग असले तरी फायद्याचे ठरते. तो कोठे पाहतो याकडे लक्ष ठेवावे, मासा किती मिळाला याकडे नव्हे. हेलिकॉप्टरने उगमापाशी उतरण्याची सोय आहे, पण चालत गेलेल्याला नदीची जी ओळख होते ती वरून उतरलेल्याला होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत हौसेला वाव देऊ नये. डोंगरात वायव्येकडून पाऊस आला की तासाभरात नदी चढते. पाणी गढूळ झाले असेल, लाकडे वाहत असतील किंवा तळाचे धोंडे गडगडताना ऐकू येत असतील तर अलीकडेच राहावे, मग रात्र काठावर काढावी लागली तरी बेहत्तर. ओलांडताना दोघांनी एकमेकांच्या पाठपिशव्यांचे पट्टे घट्ट धरून, धारेला समांतर अशी रांग करून, वजनदार गड्याला वरच्या बाजूस ठेवून, किंचित खालच्या दिशेने तिरके जावे. मोबाइलला बहुतेक खोऱ्यांत संकेत मिळत नाही, म्हणून संकटसूचक यंत्र भाड्याने मिळते ते जवळ असावे आणि परतण्याची वेळ गावात कोणाला तरी सांगून ठेवावी. डोंगरात सरकारी निसर्गखात्याच्या झोपड्या ठिकठिकाणी आहेत, त्यांचे शुल्क भरून तेथे राहता येते. सापांचे भय त्या देशात नाही. परंतु पश्चिमेकडच्या ओल्या रानात सँडफ्लाय नावाच्या बारीक चावऱ्या माश्या अंगाची आग करतात, त्यांच्यासाठी लांब बाह्या आणि औषधी मलम लागते.

राहता राहिली गळ टाकण्याच्या पाळीची गोष्ट, आणि जोड्या फुटतात त्या बहुधा हिच्यावरून. एकाची पाळी त्याला मासा लागला, मासा उधळला, किंवा सगळे उपाय करूनही त्याने फ्लाय नाकारली म्हणजे संपते. तासांवर पाळी मोजू नये, कारण एकाच्या तासात सात मासे दिसतात आणि दुसऱ्याच्या तासात एकही नाही. मासा कोणी पाहिला याला महत्त्व नाही. ज्याची पाळी त्याचा मासा, मग तो कितीही मोठा असो. शेवटच्या दिवशीच्या साऱ्या पाळ्या मात्र, ज्याला तोवर मनाजोगा मासा मिळाला नसेल, त्याच्याकडे जाव्यात, आणि हे कलम घरून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे. कारण नदीवर गेल्यावर ते मागणे एकाला अवघड जाते आणि देऊ करणे दुसऱ्याला. ज्याला मासा मिळाला आहे त्याने त्या दिवशी आपला रॉड मुक्कामावरच ठेवावा आणि चष्मा व जाळे तेवढे घेऊन निघावे.